पाच लाखांचं कार्ड आणि अर्धी पट्टी

मेडिकलवाली_मिरज (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मिरजेत माझं मेडिकल आहे. डॉ. वानलेसनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. अजूनही कर्नाटकातून रेल्वेनं पेशंट उतरतात, फायलींच्या पिशव्या काखेत मारून. त्यामुळं आजारपणात पैसा कुठंकुठं गळतो ते काउंटरच्या आतल्या बाजूनं रोज दिसतं.

महिनाअखेर आली की "अर्धी पट्टी द्या" सुरू होतं. बीपीची, साखरेची, कोलेस्टेरॉलची. पट्टी कात्रीनं कापायची, तर बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेला तुकडा दुकानात ठेवायचा. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात बिनतारखेच्या पाच गोळ्या. त्या पाच तो एक दिवसाआड खाऊन दहा दिवस पुरवतो. पैसे काढताना पाकिटात आयुष्मान कार्ड दिसतं, चांगलं लॅमिनेशन केलेलं.

त्या कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाख. पण ॲडमिट झालात तर. केंद्राची योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली तीच मुळी भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. भरतीआधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस धरतात, पुढची गोळी ज्याची त्यानं बघायची. आपल्या राज्याची महात्मा फुले योजनाही त्याच वळणाची. थोडक्यात, बीपीची गोळी सुटली, लकवा मारला, आयसीयूत गेला, की सरकार हजारो रुपये मोजायला तयार आहे. रोजच्या दोन रुपयांच्या गोळीला मात्र यादीत जागा नाही.

तर प्रश्न असा. सगळ्या देशासाठी एकच सरकारी आरोग्यव्यवस्था धरली, तर तिनं कोणत्या सेवा द्यायच्या आणि ते कुणी ठरवायचं? माझं मत आधीच सांगते: यादी खाटेपासून मोजू नका, गोळीपासून मोजा. जन्मभर घ्यायच्या साध्या औषधांचा महिन्याचा कोटा आधी, बाकी सगळं नंतर. पक्ष, नेते, निवडणुका यावर दुसरे धागे आहेत, तिकडं भांडा.

चहाबाज

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

हिशेबनीस

ताई, तळमळ कळली, पण हिशेब अर्धाच मांडलाय. आयुष्य कोषागारात गेल्यामुळं मला पहिला प्रश्न हाच पडतो की कोणत्या शीर्षाखालून खर्ची टाकायचं.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये केंद्र आणि राज्यं मिळून सरकारचा आरोग्यखर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के करू म्हटलं होतं. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो ३९.४ वर आला. सुधारणा आहेच. तरी शंभरातले चाळीस रुपये घरचेच, आणि त्यात औषधांचा भाग सगळ्यांत मोठा, इथवर तुमच्याशी सहमत.

पण यादीत घाला म्हणणं सोपं असतं. या पैशात नवं काही बसवायचं तर काढणार काय? गुडघा बदलणं काढू? डायलिसिस काढू? जो 'काय काढायचं' ते सांगत नाही त्याच्या यादीला मी मनातले मांडे म्हणतो.

भिलवडीकर

हिशेबनीस काका, डायलिसिसचं नाव इतक्या सहज घेऊ नका. माझा थोरला भाऊ दोन वर्षं मशिनवर आहे. भिलवडीहून सांगलीला जायचं, चार तास मशिनवर, आणि येताना एसटीत त्याला धरून बसायचं कारण पाय लटपटतात. मशिन योजनेत बसतं, त्याबद्दल खरंच तक्रार नाही. पण रक्तवाढीचं इंजेक्शन कधी मिळतं, कधी "बाहेरून आणा". गाडीभाडं आपलं. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो तो कुठल्याच यादीत नाही. डॉक्टर आठवड्याला तीनदा या म्हणतात, आम्ही दोनदाच जातो. तिसऱ्यांदा जायला परवडत नाही म्हणून, मशिन नाही म्हणून नव्हे.

कुणाला काढायचं ते सांगताना समोर माणूस आहे असं समजून सांगा.

स्टेथोस्कोप

कराडजवळ प्रॅक्टिस, त्याआधी काही वर्षं सरकारी नोकरी. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय.

धागाकर्तीला दोन दुरुस्त्या. एक, डिस्चार्जच्या पंधरा दिवसांनंतर काहीच नाही असं नाही. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावानं राज्याची योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हापासून नऊशेच्या वर उपचारांबरोबर १२१ फॉलोअप पॅकेजेस होती. पण ती ऑपरेशन झालेल्यांसाठी, ज्याला फक्त बीपी आहे त्याच्यासाठी नव्हेत.

दोन, तुम्ही म्हणता ती गोळी सरकारात फुकट आहे की! प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन मिळतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही बंद झाले. (वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडं, त्यांना तो निर्णय लागू नव्हता. मिरज-सांगलीच्या पेशंटला हे दोन खात्यांचं गौडबंगाल कसं कळावं?)

आणि हे चालू शकतं याचा दाखला आपल्याच पट्ट्यात आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला त्यात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा. त्यात जादू काही नव्हती. सगळ्या डॉक्टरांनी त्याच तीन-चार गोळ्या त्याच क्रमानं लिहायच्या, प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचं, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, आणि पेशंट आला नाही तर फोन करायचा. गोळ्या मोजक्याच असल्या की खरेदी सोपी, साठ्याचा अंदाज सोपा. ज्याला त्याला वेगळा ब्रँड लिहिला की साठा कोसळतो, हे मेडिकलवाल्या ताईंना मी सांगायला नको.

माझी खरी भीती वेगळी आहे. ज्या उपचाराला पॅकेज, म्हणजे ठरलेली रक्कम, ठेवाल तो वाढतो. बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं. विम्याच्या पैशासाठी गर्भाशयं काढल्याचे आरोप त्याआधी छत्तीसगडमध्ये झाले होते. म्हणून तर आता काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवतात. यादी नुसती खर्च ठरवत नाही, डॉक्टरचा हात कुठं वळतो तेही ठरवते. जाता जाता, एका चांगल्या चाललेल्या खाजगी ठिकाणी मला "या महिन्यात पॅकेजच्या केसेस कमी झाल्या" असं ऐकवलं गेलंय. नाव नाही सांगणार.

पाटणखोरे

सातारा जिल्ह्यात गोळ्या मिळतात हे वाचून बरं वाटलं. आमच्या वाड्यावर मिळतात का विचारा.

कोयनेच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात माणूस झोळीत घालून डांबरीपर्यंत आणावा लागतो. १०८ ची गाडी रस्ता संपतो तिथं थांबते, ड्रायव्हरचा दोष नाही. तुम्ही यादी करताय उपचारांची. त्यात अंतर कुठं धरलंय? घोणस चावली तर विषप्रतिबंधक लस यादीत आहे, फुकट आहे, सगळं खरं. पण कुपी तालुक्याच्या कपाटात आणि माणूस दोन डोंगर पलीकडं. नुसती कुपी असूनही भागत नाही, ती टोचायची हिंमत असलेला डॉक्टर रात्री तिथं लागतो. रिॲक्शनच्या भीतीनं पुढं पाठवतात आणि पेशंट वाटेत जातो.

उलट उदाहरण. घाटाखाली, कोकणात महाड. तिथं डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनची गोळी वापरून दाखवली. बीपीची साधी स्वस्त गोळी. आधी लाल विंचवानं लेकरं पटापट दगावायची, तिच्यामुळं ते मरण फार खाली आलं. त्याला ना पॅकेज लागलं ना आयसीयू, गोळी वेळेत तोंडात जाणं लागलं. म्हणून मी म्हणतो, यादीत प्रत्येक सेवेपुढं लिहा: किती तासांच्या आत, कुठल्या पातळीच्या दवाखान्यात. ते लिहिलं नाही तर तो नुसता जीआर.

मेडिकलवाली_मिरज

पाटणखोरे, हे फार महत्त्वाचं आणलंत. स्टेथोस्कोप, तुमचं दुसरं कलम मान्य करून विचारते: आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळची. द्राक्षबागेत मजुरीला जाणारी बाई गोळ्यांसाठी सकाळ घालवते, म्हणजे अख्खा रोज गेला. फुकटची गोळी तिला तीनचारशे रुपयाला पडते. म्हणून ती माझ्याकडं येऊन अर्धी पट्टी नेते, आणि तिचं गणित बरोबर आहे.

आशाताई_जत

मी गावातली आशा स्वयंसेविका आहे. बोलू का?

आम्ही तिशीच्या पुढच्या सगळ्यांचे फॉर्म भरतो. तंबाखू खाता का, कंबर किती, घरात कुणाला साखर. मग बीपी बघायला उपकेंद्रात पाठवतो. बीपी निघतं. एक महिना गोळ्या आणतात. दुसऱ्या महिन्यात साठा कमी आला की तीसच्या जागी पंधरा देतात. पंधरा संपल्या की माणूस म्हणतो, आता बरं वाटतंय की. बीपीत दुखत काहीच नाही ना, मग कशाला जाईल.

शोधायला सांगता, मग पुढचं द्या. नुसतं शोधून सोडलं तर लोक माझ्याच नावानं ओरडतात, "तूच बीपी लावलंस मला." फिटच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. एक दिवस चुकली की पोरगं चुलीपाशी पडतं. आमच्याकडं भाजलेली दोन पोरं तशीच आहेत.

लीड्सकर_वाईचा

धागा आवडला. मी मूळचा वाईचा, इंग्लंडात वीसेक वर्षं. इथल्या व्यवस्थेचं कौतुक भारतात फार होतं म्हणून थोडं आतलं सांगतो.

५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली तेव्हा दात, चष्मे, औषधं सगळं फुकट होतं. लोकांनी इतक्या कवळ्या आणि चष्मे घेतले की तीन वर्षांत सरकारला घाम फुटला. १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्याला पैसे लावायचं ठरलं, तर ज्या मंत्र्यानं ही व्यवस्था उभी केली त्या अन्यूरिन बेव्हननं राजीनामा दिला. पुढच्या वर्षी प्रिस्क्रिप्शनलाही पैसे लागले. आजही इंग्लंडात ते लागतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये नाहीत. मजा म्हणजे मधुमेहाचं औषध घेणाऱ्याला माफी, साठीच्या पुढच्यांना माफी, पण चाळिशीतल्या दमेकऱ्याला माफी नाही. कुठल्यातरी जुन्या काळात आखलेली रेघ, अजून तशीच.

औषधांबाबत ठरवायला १९९९ पासून नाइस नावाची संस्था आहे. एक चांगलं, धडधाकट वर्ष आयुष्यात वाढवायला किती खर्च येतो ते काढतात. दीर्घकाळ त्यांची मर्यादा २० ते ३० हजार पौंडांची राहिली. त्यावर गेलं की बहुधा नकार. नकार आला की पेपरात बोंब, रुग्णसंघटना दारात. पण नकाराची कारणं छापलेली असतात, कुणीही वाचावीत, अपील करावं. आपल्याकडं अमुक उपचार यादीत का आला आणि तमुक का नाही, हे कुठं वाचायला मिळतं?

स्टेथोस्कोप

आपल्याकडंही २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात असं मूल्यमापन करणारी यंत्रणा आहे. फक्त तिचं 'नाही' बंधनकारक नाही. आणि आपल्या माणसाला 'नाही' ऐकायची सवयही नाही.

चहाबाज

आलो. कवळीवरून सांगतो, हसू नका. आमच्या आजोबांना सगळ्या तपासण्या झाल्या, ईसीजी झाला, टूडी इको झाला. खरा रोग हा की तोंडात दात नाहीत. भाकरी आमटीत कुस्करून गिळायची, शेंगदाणे बंद, ऊस तर गेलाच. (सांगली जिल्ह्यात राहून ऊस खाता येत नाही, याला शिक्षा म्हणतात.) माणूस वाळत चालला. शेवटी कवळी केली, खाजगीत, पदरचे पैसे घालून. आता चिवडा खातो आणि सगळ्यांना शिव्या देतो, म्हणजे तब्येत सुधारली.

यादी करणारे लोक म्हातारे नसतात वाटतं. दात, कान, डोळे यांना कायम 'इतर'मध्ये टाकतात.

हिशेबनीस

त्याला उत्तर आहे, फक्त दुसऱ्या खात्यात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना, २०२४ ची, ६५ वर्षांपुढच्यांना एकरकमी तीन हजार. ती सामाजिक न्याय विभागाची. टीबीच्या पेशंटला खुराकाचे महिन्याला पाचशे मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून हजार केले, ते क्षयरोग कार्यक्रमातून. मोतीबिंदू अंधत्व निवारणातून. बाळंतपण वेगळं. डायलिसिसचा केंद्राचा कार्यक्रम २०१६ चा, वेगळा. म्हणजे यादी नाही असं नाहीच. दहा कपाटांत दहा याद्या आहेत आणि माणसाला किल्ली कुठंय ते माहीत नाही.

माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे बरं का. काढणार काय?

दुष्काळी_फाटा

काढण्याचा विषय निघालाच आहे तर अवघड जागी जाऊ. एका लेकराच्या स्नायूच्या आजारासाठी सोळा कोटींचं इंजेक्शन, लोकवर्गणी, व्हॉट्सॲपवर फोटो. आपण सगळ्यांनी शंभर-दोनशे पाठवलेत. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या धोरणात आधी वीस लाख होते, मे २०२२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत वाढवले. पन्नास लाख आणि सोळा कोटी यांच्यामधलं अंतर आईबापांनी मोबाइलवर हात पसरून भरायचं? की सरकारनं तोंडावर सांगायचं, हे आम्हाला झेपत नाही?

लीड्सकर_वाईचा

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यानं नेमकं हेच करून बघितलं. गरिबांच्या योजनेत अवयव प्रत्यारोपणाचे पैसे थांबवले. १९८७ मध्ये सात वर्षांचा एक मुलगा बोनमॅरोवाचून गेला. गहजब झाला. मग त्यांनी म्हटलं, लपूनछपून नको, उघड यादी करू. गावोगाव सभा घेतल्या, फोनवरून लोकांची मतं विचारली, आजार आणि उपचारांच्या जोड्या क्रमानं लावल्या. पहिल्या यादीत नुसतं गणित घातलं तर दाताला टोपी बसवणं अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वर आलं! कारण टोपी स्वस्त. मग हातानं क्रम फिरवले. शेवटी ७०९ ओळी, आणि ५८७ व्या ओळीखाली रेघ, म्हणजे त्याखालच्याला सरकारचे पैसे नाहीत.

गणिताशिवाय भागत नाही आणि नुसत्या गणितानंही भागत नाही. रेघ मात्र लोकांसमोर ओढली.

भिलवडीकर

अशा सभेला आम्ही येणार कधी? डायलिसिसच्या दिवशी की उसाला पाणी पाजायच्या दिवशी? सभेत मोठ्या आवाजाचीच माणसं बोलतात.

लीड्सकर_वाईचा

रास्त मुद्दा. ऑरेगॉनच्या सभांनाही निम्म्याहून जास्त आरोग्यखात्याशी संबंधित लोकच आले अशी टीका झाली होती.

तुमच्यासाठी थायलंडचं सांगतो. त्यांनी २००२ मध्ये सगळ्या जनतेला 'तीस बाट' योजनेत घेतलं, म्हणजे एका भेटीला तीस बाट, बाकी सरकार. सुरुवातीला डायलिसिस वगळलं होतं, परवडत नाही म्हणून. लोक घरंदारं विकत होते. २००८ मध्ये घेतलं, पण अटीवर: आधी पोटातून करायचं डायलिसिस, घरच्या घरी, पाण्याच्या पिशव्या सरकार पुरवणार. मशिनसाठी शहर गाठायचं नाही. २०२२ मध्ये पेशंटला दोन्हींतून निवडायची मुभा दिली, तर लोक मशिनकडं वळले आणि खर्च फुगला. तरी खेड्यातल्या माणसाचा प्रवास धरून केलेली ती आखणी मला आवडते.

भिलवडीकर

पोटातलं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. पुढच्या वेळी विचारतो.

स्टेथोस्कोप

जरूर विचारा, पण सगळ्यांना चालत नाही. हात धुणं, स्वच्छ खोली, पोटात जंतुसंसर्गाचा धोका. एका खोलीत सहा माणसं आणि दारात गोठा असेल तर मी स्वतः आधी घर बघीन.

सांगलीची_सून

मूल होत नाही त्यावरचा खर्च कुणीच काढला नाही अजून. बायका गळ्यातलं मोडून टेस्ट ट्यूबचे पैसे भरतात, कुणाला न सांगता. त्याला 'आजार' म्हणायचं की नाही एवढंच सांगा.

हिशेबनीस

सूनबाई, आजार आहेच. पण माझ्या रेघेखाली. वाईट वाटतं लिहिताना, तरी लिहितो. निदान तपासण्या, नवऱ्याचीसुद्धा, आणि गोळ्यांचे उपचार रेघेच्या वर असावेत. निम्म्या घरांत नवऱ्याची तपासणीच होत नाही.

संपादक मंडळ

एका पक्षाच्या जाहीरनाम्याची जाहिरात करणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषयाला धरून लिहावे.

मेडिकलवाली_मिरज

हिशेबनीस काका, तुम्ही इतरांना रेघ मागताय, तर घ्या माझी.

काढायचं म्हणून मी कुठला आजार काढणार नाही, पद्धत काढीन. जी ऑपरेशनं सरकारी रुग्णालयात रोज होतात त्यांचे पॅकेजचे पैसे खाजगीला देणं थांबवा, जिथं सरकारीत दोन महिन्यांच्या आत नंबर लागतो तिथं तरी. दुसरं, एकाच आजाराला आठ-दहा औषधांच्या खरेद्या बंद, स्टेथोस्कोपनी सांगितल्या तशा तीन-चारच. तिसरं, नवा महागडा उपचार यादीत घ्यायचा असेल तर आधी जिल्ह्यानं दाखवावं की मागच्या सहा महिन्यांत बीपी, साखर, फिट आणि मनोविकाराच्या गोळ्यांचा साठा एकदाही संपला नाही. संपला असेल तर वरचा मजला बांधायचा नाही. सोळा कोटींना मी नाही म्हणते. लोकवर्गणीत पैसे मी पुन्हा देईन, तरीही सरकारी यादीत नाही म्हणते.

यानं माझा धंदा बुडतो हे मला कळतंय. बीपी-साखर हाच माझा निम्मा गल्ला आहे.

हिशेबनीस

सहा महिन्यांच्या साठ्याची अट चांगली आहे. लेखापरीक्षणात तपासता येते, हा तिचा मोठा गुण. फक्त जिल्हे कागदावर साठा भरून दाखवतील. त्यावर काय?

आशाताई_जत

आम्हाला विचारा की. कुठल्या आठवड्यात पंधरा दिल्या ते माझ्या वहीत आहे.

पाटणखोरे

+१. आणि साठा तालुक्याचा नको, उपकेंद्राचा मोजा.

आशाताई_जत

ताई, एक विचारायचं होतं. तुमच्या यादीत सगळ्या गोळ्याच आहेत. दम्याचा पंप त्यात धरायचा का? आमच्याकडं चुलीच्या धुरानं बायकांना धाप लागते, त्यांना गोळी देतात आणि हात थरथरतात.

मेडिकलवाली_मिरज

धरायचा. पंप आणि सोबत स्पेसर (पंपाला जोडायची नळी), दोन्ही. आणि पंप ओढायचा कसा ते शिकवायला दहा मिनिटं, तीही यादीत लिहा. माझ्याकडून पंप नेणारे किती जण तो नुसता जिभेवर मारतात हे मी रोज बघते.